सर, काकू आणि शिट्टी

गेले दोन महिने आमच्या घरात एका कागदावरून वाद चालू आहे. कागद साधाच. मुक्ताच्या (आमची लेक, वय 15, उजव्या बाजूने पळते आणि डाव्या बाजूने वाद घालते) सॉकर क्लबच्या दारावर लावलेला. त्यावर 22 मुलींची नावं, प्रत्येकीपुढे आकडे: पळण्याचे, हेडिंगचे, एकास-एक झुंजीचे. शेवटी क्रमांक. आमच्या बाईसाहेब 19 व्या.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर ती एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बांध फुटला. नवरा म्हणाला, "बरोबर आहे, आकडा खोटं बोलत नाही." मी म्हणाले, "पोर आहे ती, शेअर बाजार नाही." तिकडून फोनवर सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे कशाला हवंय, तिला आपलं कथक लावा." म्हणजे घरात तीन पक्ष झाले आणि मुक्ता चौथ्या पक्षात, खोलीचं दार लावून.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हा कागद आला कुठून? सगळ्या सरावाचे गुण मांडून ते दारावर चिकटवायचे, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? थोडं वाचल्यावर कळलं की उत्तर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. (आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो. इथे वाणसामानाच्या दुकानात मराठी ऐकू येणं ही आता बातमी राहिलेली नाही.) चॅपेल हिलचं विद्यापीठ, तिथला मुलींचा सॉकर संघ, आणि त्याचा प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरान्स.

पहिला धक्का मला त्याच्या जन्मगावानेच दिला. हा माणूस 1951 साली चक्क मुंबईत जन्मला! वडील तेल कंपनीत, त्यामुळे बालपण देशोदेशी गेलं. केनिया, इथिओपिया, सिंगापूर, स्वित्झर्लंड. अमेरिकन आई-बापाचा मुलगा, पण फुटबॉल शिकला तो अमेरिकेबाहेर. मग चॅपेल हिलला येऊन विद्यापीठाच्या संघातून खेळला. पुढे कायदा शिकत असतानाच 1977 मध्ये त्याच्याकडे मुलांचा संघ सोपवला गेला. वकील व्हायचं राहूनच गेलं.

मुलींच्या संघाची गोष्ट 1979 ची. त्याआधी 1972 मध्ये अमेरिकेत टायटल नाईन हा कायदा आला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही, असं त्याचं सार. कायद्यात खेळ हा शब्द ठळक नव्हता, पण त्याचा सगळ्यात मोठा परिणाम मैदानावर दिसला. चॅपेल हिलला मुली आपापल्या हौसेने क्लब म्हणून खेळत होत्या, त्यांनी अधिकृत संघ मागितला. विद्यापीठाने मुलांच्या प्रशिक्षकालाच सांगितलं, आता हेही तूच बघ. पुढे 1988 पर्यंत त्याने दोन्ही संघ सांभाळले.

नंतरचं सगळं आकड्यांत सांगता येतं. 1982 मध्ये एनसीएएची मुलींची पहिली सॉकर स्पर्धा झाली, ती यांनीच जिंकली. 1986 ते 1994 सलग नऊ वर्षं विजेतेपद. मधे एकदा सलग 92 सामने जिंकले. 2012 पर्यंत एनसीएएची 21 विजेतेपदं झाली, शिवाय त्याआधीचं 1981 चं एक, वेगळ्या संघटनेचं. याच काळात, 1986 ते 1994, हा गृहस्थ अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचाही प्रशिक्षक होता. 1991 मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, त्यात अमेरिकेने नॉर्वेला 2-1 हरवलं तेव्हा बाकावर हाच होता. मिया हॅम, क्रिस्टीन लिली, एप्रिल हाइनरिक्स या सगळ्या याच मैदानावर तयार झाल्या.

आता कागदाकडे येते. त्या विद्यापीठात बास्केटबॉलचे डीन स्मिथ नावाचे फार मोठे प्रशिक्षक होते. त्यांच्या सरावात प्रत्येक गोष्टीची नोंद व्हायची. डोरान्सने ते पाहिलं आणि मुलींच्या सॉकरला लावलं. सरावातली प्रत्येक झुंज मोजायची, जिंकली की हरली ते लिहायचं, आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. त्याने याला नाव दिलं स्पर्धेची कढई. (नाव मी मराठीत आणलं. मूळ शब्दात चेटकिणींचं भांडं आहे, आपली कढई त्यामानाने सोज्ज्वळ.)

यामागचा विचार मला पटला, हे आधी कबूल करते. त्याच्या मते मुलींना लहानपणापासून मैत्रिणीला हरवणं म्हणजे मैत्री तोडणं असं शिकवलेलं असतं. त्यामुळे सरावात त्या एकमेकींना सांभाळून घेतात. कागदावर आकडा आला की सांभाळून घेण्याची सोय संपते. मैदानात जीव तोडून भिडायचं आणि बाहेर आल्यावर एकत्र जेवायचं, हे दोन्ही जमतं हे त्यांना कळतं. मी नववीत होते तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर! मी साखळीत पळताना, मागे लागलेली माझी जिवलग मैत्रीण असली तर मुद्दाम हळू व्हायचे. सर ओरडायचे, "मॅच खेळतेस का भातुकली?"

हो, मी खो-खो खेळायचे. माझ्या ब्लॉगवर येणाऱ्या नातलगांपैकी निम्म्यांना हे माहीत नसेल आणि उरलेले विसरले असतील. सातारा जिल्ह्यातलं लहान गाव, 1988 चा सुमार. आमचे सर गणित शिकवायचे आणि संध्याकाळी खो-खो. खांबावरचा सूर त्यांनी मला मातीत शंभरदा पाडून शिकवला. जिल्ह्याच्या सामन्यासाठी गावाबाहेर दोन रात्री राहायचं म्हटल्यावर बाबांनी साफ नकार दिला. सर सायकलवरून घरी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "आमची मंडळी बरोबर येणार आहे." बाबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "वहिनी येणार असतील तर काही प्रश्नच नाही."

तर वहिनी म्हणजे आमच्या काकू. त्यांना खो-खोतलं काही कळत नव्हतं. त्या एसटीत आमच्याबरोबर यायच्या, दशम्या-चटणीचं गाठोडं सांभाळायच्या, केस घट्ट वेणीत बांधून द्यायच्या, आणि कुणाला "अडचण" आली तर सरांना कळू न देता सगळं निभवायच्या. पगार नाही, प्रमाणपत्र नाही, संघाच्या फोटोतही नाहीत. फोटो निघाला तेव्हा त्या आमच्या चपला सांभाळत बाजूला उभ्या होत्या.

डोरान्सबद्दल वाचताना मी नकळत काकूंना शोधत होते. आणि सापडल्या! म्हणजे, पुरुषाच्या रूपात. बिल पॅलाडिनो, सगळे त्याला डिनो म्हणतात. डोरान्सबरोबर याच विद्यापीठातून खेळलेला, पुढे जवळपास चार दशकं त्याचा सहायक. मुख्य प्रशिक्षक तापलेला असे तेव्हा मुली डिनोकडे जात. एकाने तापवायचं आणि दुसऱ्याने निववायचं. दुसरा टॉम सँडर, संघाची सगळी व्यवस्था आणि ते कढईचे आकडे सांभाळणारा. नव्वदच्या दशकापासून गोलकीपर मुलींसाठी ख्रिस ड्यूकार. नाव एकाचं गाजलं, पण हातभार बऱ्याच जणांचा. कुठल्याही संघाचं असंच असतं म्हणा.

इथपर्यंत मी खूश होते. मग पुढचं वाचलं.

1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरान्स आणि विद्यापीठावर खटला भरला. त्यांचं म्हणणं असं की प्रशिक्षक खेळाडूंच्या खासगी, अगदी लैंगिक आयुष्याबद्दल विचारायचा, शेरे मारायचा. डोरान्सने छळाचा आरोप नाकारला, मुलींच्या आपापसातल्या थट्टेत आपण कधी सामील झालो एवढंच मान्य केलं. एका खेळाडूशी 2004 मध्ये तडजोड झाली. दुसरीचा खटला दहा वर्षं चालला. 2007 मध्ये वरच्या न्यायालयाने ठरवलं की हे प्रकरण ज्यूरीसमोर जायला हवं, आणि 2008 च्या सुरुवातीला विद्यापीठाने 3,85,000 डॉलर देऊन तडजोड केली. डोरान्सने माफीचं पत्र दिलं. दोष सिद्ध झाला असं नाही. ज्यूरीने दोन्ही बाजू ऐकल्या असंही नाही.

त्या सगळ्या कागदपत्रांत मला एकच गोष्ट टोचली. त्या मुलीचं म्हणणं होतं की खटल्याच्या दोन वर्षं आधी ती विद्यापीठाच्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंकडे हे सांगायला गेली होती. तिला सांगितलं गेलं की तो भला माणूस आहे, तू थेट त्याच्याशीच बोलून मिटव.

थेट त्याच्याशीच! जो तुझा क्रमांक लावतो, जो तुला संघात घेतो किंवा काढतो, त्याच्याशी. मी हे वाचलं आणि लॅपटॉप मिटवून टाकला. मुक्ता खोलीत अभ्यास करत होती. उगाचच तिला दूध नेऊन दिलं. "आई, मी दूध पीत नाही," ती म्हणाली. गेली चार वर्षं पीत नाही.

मला डोरान्सला खलनायक करायचं नाहीये, आणि ते सोपंही नाही. त्याच्या शेकडो खेळाडू त्याला आजही मानतात. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला तो स्वतः पत्र लिहायचा, तू आम्हाला काय दिलंस हे सांगणारं. मुलींशी नातं जोडल्याशिवाय त्यांना शिकवता येत नाही, असं तो नेहमी सांगायचा. मुलांना धाकाने नेता येतं, मुलींना माणुसकीने, हा त्याचा सिद्धांत. अडचण नेमकी तिथेच आहे असं मला वाटतं. नातं जोडायचं म्हणजे जवळ जायचं. किती जवळ, हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात शिट्टी आहे तोच ठरवणार असेल तर पोरीच्या हातात काय उरतं?

आणि एक गंमत बघा, दुःखद गंमत. 1972 मध्ये, कायदा आला तेव्हा, अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या मुलींच्या संघांपैकी 90 टक्क्यांहून जास्त संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. पगार नाममात्र, मान त्याहून कमी. कायद्यामुळे पैसा आला, पूर्णवेळ नोकऱ्या आल्या, आणि नोकऱ्यांबरोबर पुरुष आले. 2010 च्या दशकापर्यंत हे प्रमाण सुमारे 43 टक्क्यांवर उतरलं होतं. म्हणजे मुलींसाठी मैदान उघडलं आणि काकूंसाठी दार लागलं.

तरी पूर्ण लागलं नाही. याच संघातून निघालेली एप्रिल हाइनरिक्स, 1991 च्या विश्वविजेत्या संघाची कर्णधार, 2000 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची पहिली महिला मुख्य प्रशिक्षक झाली. सिंडी पार्लो कोन इथे खेळली, नंतर इथेच डोरान्सच्या हाताखाली सहायक होती. 2020 मध्ये ती अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाची अध्यक्ष झाली, त्या पदावरची पहिली बाई. 2022 मध्ये पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना समान मानधन देणारा करार झाला तो तिच्याच काळात. आणि त्याच वर्षी महासंघाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगमध्ये प्रशिक्षकांकडून होणारा मानसिक आणि लैंगिक छळ अनेक संघांत मुरलेला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खेळाडूंनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या होत्या. ऐकणारं कुणी नव्हतं, किंवा ऐकणाऱ्यांना ऐकायचं नव्हतं.

ऑगस्ट 2024 मध्ये, मोसम सुरू व्हायला काही दिवस असताना, डोरान्स निवृत्त झाला. 45 मोसम, 900 हून जास्त विजय. सहायक डेमन नहास याच्याकडे तात्पुरती सूत्रं आली. आणि त्या 9 डिसेंबरला राष्ट्रीय अंतिम सामना होता आमच्या कॅरीतच, वेक फॉरेस्टविरुद्ध. मुक्ताला घेऊन मी गेले होते. थंडी अशी की टाळ्या वाजवताना हात दुखत होते. दुसऱ्या डावात एकच गोल झाला, चॅपेल हिलने 1-0 ने सामना जिंकला आणि 22 वं विजेतेपद मिळवलं. बारा वर्षांनी. मुली धावत सुटल्या आणि मुक्ता माझा हात सोडून कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी बाजूने पाहत होते. हा चेहरा मी ओळखते. सरांनी जिल्ह्याच्या संघाची नावं वाचली आणि तिसरं नाव माझं आलं, तेव्हा हा चेहरा माझा होता.

म्हणून कागद फाडा असं मी म्हणत नाही. 19 वा क्रमांक तिचा तिने सोसावा, त्याने कुणी मरत नाही. पण मागच्या शुक्रवारी मी क्लबच्या प्रशिक्षकांना भेटले. माणूस चांगला आहे. त्यांना वाटलं मी क्रमांकाबद्दल भांडायला आले. मी विचारलं, "एखाद्या मुलीला तुमच्याबद्दलच काही सांगायचं असेल तर तिने कुणाकडे जायचं?" ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "थेट माझ्याकडे आलं तरी चालेल." मी म्हटलं, "तेच तर चालत नाही." शेवटी ठरलं असं की संघाबरोबर येणारी जी सहायक मुलगी आहे, कॉलेजात शिकते, सरावाला शंकू मांडते आणि पाण्याच्या बाटल्या भरते, तिचा आणि क्लबच्या कार्यालयातल्या एका बाईंचा नंबर सगळ्या मुलींना द्यायचा. प्रशिक्षकांना न विचारता फोन करता येईल असा. छोटीशीच गोष्ट. कागद दारावर आहे तिथेच आहे, त्याच्या शेजारी आता हा दुसरा कागद आहे.

त्या रात्री मी काकूंना फोन लावला. सर जाऊन सहा वर्षं झाली. काकू मुलाकडे असतात, ऐकायला कमी येतं, पण आवाज तोच. मी त्यांना ही सगळी रामकहाणी सांगितली, मुंबईत जन्मलेल्या गोऱ्या प्रशिक्षकापासून. शेवटी म्हणाले, "काकू, तुम्ही आमच्या कोचच होता."

"मी कुठली गं कोच? मी आपली तुमच्या वेण्या घालायला यायचे."

मग मला ती रात्र आठवली. जिल्ह्याच्या सामन्यांना आमची सोय एका शाळेच्या वर्गात केली होती. आम्ही बारा जणी सतरंजीवर ओळीने. बाहेर पडवीत बाकीच्या संघांची, आयोजकांची माणसं उशिरापर्यंत गप्पा मारत बसलेली. वर्गाच्या दाराला कडी नव्हती. काकूंनी आपली वाकळ उचलली आणि थेट दारात, उंबऱ्याला लागून आडवी अंथरली. आम्ही म्हटलं, काकू आत या की, जागा आहे. त्या म्हणाल्या, "मला उकडतं बाई, इथे वारा लागतो." आणि पडल्या तिथेच. सकाळी आम्ही त्यांना ओलांडून तोंड धुवायला गेलो होतो.

"काकू, तुम्ही तेव्हा दारात झोपला होता, आठवतं? वारा लागतो म्हणाला होतात."

पलीकडे जरा वेळ शांतता. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग त्या हसल्या.

"पौष महिन्यात कसला आलाय गं वारा!"